हे तू कुठे वाचलंस?

"मॅडम, वर्षानंतर पूर्णविराम की स्वल्पविराम?"

प्रबंध जमा करायला चार दिवस उरले की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या हातात संदर्भसूचीची पानं असतात, डोळ्यांत जागरण असतं आणि बोट एखाद्या कंसाशेजारी अडलेलं असतं. पहिली काही वर्षं मी लगेच उत्तर देत असे. कंसातल्या वर्षानंतर पूर्णविराम, मग लेखाचं शीर्षक, पुढे नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरांत, खंडाचा आकडाही तिरपा, अंक मात्र कंसात आणि सरळ. पाच-दहा मिनिटांत पान दुरुस्त व्हायचं, विद्यार्थी हुश्श करून निघून जायचा, आणि आपण त्याला संदर्भ द्यायला शिकवलं असं मला वाटायचं.

आता मी आधी दुसरंच काहीतरी मागते. सूचीतल्या कुठल्यातरी एका नोंदीवर पेन्सिल टेकवते आणि म्हणते, "हे मला आणून दाखव." पुस्तक चालेल, झेरॉक्स चालेल, लॅपटॉपवर उघडलेली फाइलही चालेल. समोर आलं की पुढचा प्रश्न, "यातलं नेमकं काय घेतलंस?"

बहुतेक वेळा इथे शांतता पसरते. त्या शांततेची मला सवय झाली आहे, पण तिच्याबद्दलचं माझं मत बदललं आहे. पूर्वी मला ती लबाडी पकडली गेल्याची शांतता वाटायची. तसं क्वचितच असतं. त्या मुलाने ते नाव कुठेतरी पाहिलेलं असतं, दुसऱ्या कुणाच्या लेखाच्या शेवटी, एखाद्या जुन्या प्रबंधात, मित्राच्या फाइलमध्ये. सूची भरगच्च दिसली पाहिजे असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून त्याने ते नाव उचललं. सूचीत नाव घालणं म्हणजे "मी तिथे स्वतः जाऊन आलोय" असं लिहून देणं आहे, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं. शाळेपासून आजवर कुणी त्याला "हे तू कुठे वाचलंस?" असं साध्या कुतूहलाने विचारलेलंच नसतं. विचारलं गेलं ते नेहमी संशयाने.

आपली शिकवण्याची पद्धतच तशी आहे. पहिल्या तासाला आपण वाङ्मयचौर्य हा शब्द फळ्यावर लिहितो, शिक्षा सांगतो, मग साम्य मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची गोष्ट काढतो. त्या क्षणापासून वर्गाचं सगळं लक्ष एका टक्केवारीवर खिळतं. किती टक्के चालतं? इतके आले तर? ते कमी कसे करायचे? खरं तर तो आकडा एवढंच सांगतो की या मजकुरातले इतके शब्द आधी कुठेतरी याच क्रमाने आलेले आहेत. त्यात नीट अवतरणचिन्हांत घातलेलं वाक्यही मोजलं जाऊ शकतं, संदर्भसूचीही मोजली जाऊ शकते. उलट दुसऱ्याची कल्पना पूर्णपणे वेगळ्या शब्दांत उचलली तर आकडा शून्य येईल. पण भ्यालेल्या मुलाला हे ऐकू येत नाही. तो शब्दांना समानार्थी शब्द शोधत बसतो.

त्यातून काय निपजतं हे जगाने पाहिलं आहे. २०२१ मध्ये तीन संशोधकांनी शास्त्रीय नियतकालिकांतले काही विचित्र शब्दप्रयोग गोळा केले. 'कृत्रिम बुद्धिमत्ता' हा रुळलेला शब्द तिथे 'बनावट जाणीव' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांत आला होता. स्तनाच्या कर्करोगाला 'वक्षसंकट' म्हणावं तसा शब्द वापरलेला होता. साम्य पकडलं जाऊ नये म्हणून यंत्राकडून शब्द बदलून घेतल्याच्या त्या खुणा होत्या. संशोधकांनी त्यांना 'छळ झालेले शब्दप्रयोग' म्हटलं. हे वाचलं तेव्हा मला माझ्याच वर्गातल्या वह्या आठवल्या. मूळ वाक्य समोर उघडं ठेवून, एकेक शब्द उपसून त्या जागी दुसरा बसवत केलेलं लिखाण मी कितीदा तरी तपासलं आहे. ठिगळं नवी, पण शिवण सगळी दुसऱ्याची.

यावर मला एकच उपाय सापडला आहे आणि तो अगदी साधा आहे. उतारा वाच, पुस्तक मीट, बाजूला ठेव. आता मला तोंडी सांग, त्या माणसाला काय म्हणायचं होतं? सांगता आलं तर तेच लिही आणि शेवटी त्याचं नाव, वर्ष दे. सांगता आलं नाही तर तुला अजून ते समजलेलं नाही, परत वाच. आणि त्याचे शब्दच इतके नेमके असतील की बदलवत नाहीत, तर अवतरणचिन्हं घाल आणि जसेच्या तसे घे. शब्द आपले असले तरी विचार त्याचा आहे, म्हणून संदर्भ द्यावाच लागतो, ही गोष्ट पुस्तक मिटल्यावर आपोआप कळते. कारण मिटलेल्या पुस्तकाकडे हात करूनच मूल बोलत असतं, "यांचं म्हणणं असं आहे की..."

आता मांडणीबद्दल, कारण तीही शिकवावीच लागते आणि तिच्याकडे हमाली म्हणून पाहिलं जातं.

एका विद्यार्थ्याची सूची माझ्या पडद्यावर सुरेख दिसत होती. प्रत्येक नोंदीची पहिली ओळ समासाला टेकलेली, पुढच्या ओळी आत सरकलेल्या. एका नोंदीत मी एक नाव घातलं आणि सगळं कोसळलं. आतल्या ओळी बाहेर आल्या, बाहेरच्या मधोमध फुटल्या. मी वर्डमधलं ते परिच्छेदाच्या खुणा दाखवणारं बटण दाबलं, आणि पानभर ठिपक्यांच्या रांगा उमटल्या, मुंग्या निघाव्यात तशा. दरेक ठिपका म्हणजे त्याने दाबलेली एकेक मोकळी जागा. प्रत्येक ओळ आत सरकवायला त्याने सात-आठ वेळा स्पेसबार दाबला होता, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर. नव्वदच्या आसपास नोंदी होत्या. "किती वेळ लागला रे?" म्हटलं. "दोन रात्री, मॅडम."

मी त्याला सगळी सूची निवडायला लावली, ठिपके आणि ओळीओळींच्या शेवटचे एंटर पुसायला लावले आणि कंट्रोल दाबून टी दाबायला सांगितलं. हँगिंग इंडेंट. एका क्षणात सगळ्या नोंदी जागेवर बसल्या. तो काही बोलला नाही, पडद्याकडे बघत राहिला. मला त्याच्या दोन रात्रींचं फार वाईट वाटलं. आपण मुलांना 'सूची हँगिंग इंडेंटमध्ये हवी' असं छापील सूचनापत्र देतो आणि ती कशी करायची हे दाखवत नाही. नवीन प्रकरण नव्या पानावर आणायला कंट्रोल आणि एंटर पुरतं, वीस वेळा एंटर दाबायला लागत नाही. प्रकरणांच्या शीर्षकांना स्टाइल लावली तर अनुक्रमणिका आपोआप बनते आणि पानांचे आकडे हुकत नाहीत. या गोष्टी एका दुपारी शिकून होतात. त्या न शिकवल्यामुळे मुलांच्या ज्या रात्री जातात, त्या खरं तर वाचनाच्या असतात.

आणि ओळ आत का सरकवायची? तर सूची वाचणारा माणूस नाव शोधत असतो. पहिलाच शब्द बाहेर डोकावत असला की डोळा समासावरून सरळ खाली घसरतो आणि हव्या त्या आडनावाशी थांबतो. एवढंच त्याचं कारण. मुलांना कारण सांगितलं की नियम जाचत नाही, हा माझा अनुभव आहे. संदर्भ देण्याच्या एकमेकींहून वेगळ्या असलेल्या शैलींनाही अशीच कारणं आहेत, आणि ती सांगायला मला मनापासून आवडतं.

लेखकाचं नाव आणि वर्ष कंसात टाकायची पद्धत एका प्राणिशास्त्रज्ञाच्या नावावर सांगितली जाते. हार्वर्ड विद्यापीठातल्या एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ मध्ये एक मोठा लेख प्रसिद्ध केला. विषय होता गोगलगायीच्या कुळातल्या, शंख नसलेल्या एका प्राण्याच्या अंड्यांची वाढ. त्यात त्यांनी आधीच्या अभ्यासकांचा उल्लेख नाव आणि साल देऊन केला. पुढे या पद्धतीला हार्वर्ड हेच नाव पडलं. विज्ञानात साल इतकं महत्त्वाचं का, हे मी वर्गाला विचारते. थोड्या वेळाने कुणीतरी बरोबर सांगतं. तिथे काल सिद्ध झालेलं आज खोडलं जातं, म्हणून वाक्य वाचतानाच कळायला हवं की हे कधीचं निरीक्षण आहे. मानसशास्त्रवाल्यांनी हीच रीत उचलली. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या, म्हणजे आपण ज्याला नुसतं एपीए म्हणतो त्या शैलीची सुरुवात १९२९ मध्ये एका नियतकालिकात छापलेल्या सात पानांच्या सूचनांतून झाली. २०१९ च्या सातव्या आवृत्तीने चारशे पानं ओलांडली आहेत.

साहित्याच्या अभ्यासकांना सालापेक्षा पान महत्त्वाचं. कवितेची ओळ कधी लिहिली यापेक्षा ती नेमकी कुठे आहे, तिच्या मागेपुढे काय आहे, हे वाचकाला उघडून बघायचं असतं. म्हणून त्यांच्या एमएलए, म्हणजे मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या शैलीत कंसात नाव आणि पृष्ठांक येतो, मध्ये स्वल्पविरामही नाही. इतिहासाचं वेगळंच. त्यांचं साधन म्हणजे दप्तरातलं एखादं पत्र, तारीख अर्धवट, लिहिणारा अनिश्चित, वर कुठल्या पेटीत कुठल्या पुडक्यात आहे ते सांगायचं. ते कंसात मावणार कसं? तिथे तळटीपच हवी, आणि तळटीपेत दोन वाक्यं वादही घालायची मुभा हवी. १९०६ पासून निघत आलेल्या शिकागो मॅन्युअल या लेखननियमांच्या पुस्तकाने ही तळटीप सांभाळली आहे. वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक १९७८ मध्ये व्हँकुव्हर शहरात जमले आणि त्यांनी नियम एकसारखे करून घेतले. त्यात मजकुरात फक्त आकडा येतो, सूची त्या आकड्यांच्या क्रमाने. एका वाक्याला आठ संदर्भ असतील तर आठ नावं वाचत बसायला डॉक्टरांना वेळ नाही.

हे एवढं ऐकल्यावर मुलं विचारतात, मग यातली बरोबर कोणती? मी सांगते, तुझा वाचक कोण आहे ते ठरव. आणि एकदा एक धरलीस की शेवटपर्यंत तीच. एका सूचीत तीन शैली मिसळलेल्या असतात तेव्हा मला कळतं की नोंदी तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून उचललेल्या आहेत. मांडणी अशी बोलते.

मराठीत लिहिणाऱ्यांना आणखी एक सुंदर वारसा आहे, तो मी आवर्जून दाखवते. जुन्या ग्रंथांच्या तळटिपांत 'तत्रैव' असतं. त्याच ठिकाणी, म्हणजे वर सांगितलेल्याच ग्रंथात. 'उ. नि.' असतं, म्हणजे उपरिनिर्दिष्ट. हे शब्द पहिल्यांदा पाहिले की मुलं बावरतात, काहींना 'तत्रैव' हे लेखकाचं नाव वाटतं. पण एकदा कळलं की तळटिपांची ती ओळ जिन्यासारखी दिसायला लागते, एकेक पायरी वरच्या पायरीकडे बोट दाखवते. संगणकावर मात्र या शब्दांत एक धोका आहे. मधे नवी तळटीप घुसवली की खालचं 'तत्रैव' निमूटपणे भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतं. म्हणून कच्च्या खर्ड्यात प्रत्येक वेळी लेखक आणि छोटं शीर्षक लिहायचं, आणि 'तत्रैव' घालायचंच असेल तर अगदी शेवटी.

पूर्णविराम-स्वल्पविरामाचं काम आता यंत्रं करतात. झोटेरो हे संदर्भ साठवणारं आणि मांडून देणारं सॉफ्टवेअर २००६ पासून आहे, फुकट आहे, आणि मी पहिल्याच वर्षी मुलांना ते वापरायला लावते. पण यंत्राला जे दिलं तेच ते मांडतं. वेबपानावरून नोंद उचलताना शीर्षक सगळं मोठ्या लिपीत येतं, लेखकाच्या जागी संस्थेचं नाव बसतं, दोन आडनावं असलेल्या माणसाचं एक आडनाव मधल्या नावाच्या रकान्यात जाऊन पडतं. आइसलँडमधल्या लोकांना बहुधा आडनाव नसतंच, नावापुढे बापाचं किंवा आईचं नाव लागतं. चिनी आणि हंगेरियन माणसं आपल्या भाषेत आडनाव आधी लिहितात, ते उलटं केलं की भलताच माणूस तयार होतो. ज्याच्या विचारावर आपण आपलं पान उभं करतो त्याचं नाव तरी बरोबर लिहावं. याबाबतीत मी फार आग्रही आहे, आणि मुलांना तो कधीकधी जाचतो हे मला ठाऊक आहे.

आकड्यांचंही तेच. एका नोंदीत खंड आणि अंक यांची अदलाबदल झालेली होती, आणि त्यापायी मी बांधीव खंडांच्या कपाटापुढे दोन दुपारी काढल्या. शेवटी वेगळ्याच कामासाठी उघडलेल्या खंडात तो लेख सापडला. अशा वेळी डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, असला तर देवच पावतो. २००० पासून लेखांना मिळू लागलेला हा क्रमांक नेहमी दहाने सुरू होतो. लेख एका संकेतस्थळावरून दुसरीकडे गेला तरी क्रमांक तोच राहतो, आणि प्रकाशकाने नवा पत्ता नोंदवला की वाचक तिथे पोचतो. साध्या वेबपत्त्याचं तसं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्या दुव्यांपैकी निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत नेत नाहीत, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. निकालपत्रांची ही गत, तर प्रबंधांचं काय? म्हणून वेबपान वापरलं की मी मुलांना त्याची प्रत इंटरनेट अर्काइव्ह या वेबपानं जपून ठेवणाऱ्या संग्रहात साठवायला सांगते आणि पाहिल्याची तारीख लिहायला लावते.

एवढं शिकवूनही एक गोष्ट उरते, आणि माझ्या मते खरी ती. तिच्यासाठी मी एक उद्योग देते. प्रत्येकाने एक प्रसिद्ध विधान घ्यायचं आणि त्याच्या मागे मागे चालत जायचं. हे कुणी म्हटलं? त्याने कुणाचा हवाला दिला? त्या हवाल्याने कुणाचा? जिथे रस्ता संपेल तिथे थांबायचं आणि काय दिसलं ते लिहायचं.

नमुना म्हणून मी पालकाची गोष्ट सांगते. पालकात लोह फार, हा समज एका जर्मन शास्त्रज्ञाने दशांशचिन्ह चुकीच्या जागी दिल्यामुळे पसरला, असं अनेकांनी लिहिलं आहे. निष्काळजीपणाचा धडा म्हणून ही गोष्ट अभ्यासकांना आवडते. १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखात ती आली आणि तिथून ती फोफावली. त्या लेखात तिला आधार दिलेला नव्हता. २०१० मध्ये एका संशोधकाने तिचा माग काढला, तेव्हा दशांशचिन्हाच्या चुकीचा काही पुरावाच सापडला नाही. २०१४ मध्ये ओले ब्योर्न रेकदाल या नॉर्वेजियन संशोधकाने यावर सविस्तर लिहिलं. तपासून घ्या, तपासून घ्या असं बजावणारी गोष्टच माणसांनी न तपासता एकमेकांना दिली होती. वर्गात हे सांगून झालं की मी थोडा वेळ काही बोलत नाही. मुलं आपापल्या वह्यांकडे बघतात.

दुसरं उदाहरण आणखी बोलकं आहे. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या लेखकांसाठीच्या नमुन्यात, संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एक नोंद होती. शास्त्रीय लेख लिहिण्याची कला अशा अर्थाचं शीर्षक, साल २०००, खंड १६३, पृष्ठं ५१ ते ५९. असा लेख अस्तित्वातच नाही, ती फक्त नमुन्याची ओळ. २०१७ मध्ये उघड झालं की जवळपास ४०० लेखांच्या सूचीत ही ओळ जशीच्या तशी आहे. लेखकांनी नमुन्याची फाइल घेतली, आपला मजकूर भरला आणि ती ओळ तशीच राहून गेली. लेखक, सहलेखक, परीक्षक, संपादक, कुणीच ती नोंद उघडून पाहिली नाही. मांडणी बिनचूक होती ना.

आता तर बिनचूक मांडणीचा तेवढाही भरवसा उरलेला नाही. चॅटबॉटला संदर्भ मागितले की तो नाव, साल, खंड, पानं, सगळं जागच्या जागी लावून देतो, आणि त्यातलं काही कधी लिहिलंच गेलेलं नसतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी असे सहा निवाडे सादर केले, जे कुठल्याही न्यायालयाने कधी दिले नव्हते. त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. माझ्याकडे अशी नोंद आली तेव्हा मी नेहमीसारखी पेन्सिल टेकवली आणि "आणून दाखव" म्हटलं. तो मुलगा दोन दिवस शोधत होता. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता. "मॅडम, हे लेखक खरे आहेत, नियतकालिक खरं आहे, पण असा लेख नाही." मी रागावले नाही. त्याने दोन दिवस शोधलं होतं, आणि नाही हे शोधून काढणं सापडण्यापेक्षा अवघड असतं. त्या जागी त्याने त्याच लेखकांचा एक खरा लेख वाचला आणि त्याचं प्रकरण बदललं. त्यांचं म्हणणं त्याला वाटलं होतं त्याहून वेगळं निघालं.

हे सगळं मी ज्या ठामपणाने सांगते, तो मला एका विद्यार्थिनीने दिला. ती माझ्याच विषयाच्या जवळ काम करत होती आणि साहजिकच माझा प्रबंध वाचत होती. एका दुपारी ती एक जाडजूड जुना ग्रंथ छातीशी धरून माझ्या खोलीत आली. ग्रंथ तिने टेबलावर ठेवला, पान ११२ उघडलं आणि काही न बोलता उभी राहिली. त्या पानावर एक नकाशा होता. पानभर नकाशा, खाली एक ओळ. माझ्या प्रबंधात याच पानाचा हवाला देऊन मी चार ओळींचं अवतरण दिलं होतं.

"मॅडम, ते वाक्य आहे," ती घाईघाईने म्हणाली. "पण २११ वर आहे."

मला ताबडतोब सगळं आठवलं. तो ग्रंथ मी तेव्हा उघडलाच नव्हता. आमच्या ग्रंथालयात तो नव्हता, दुसरीकडून मागवायला वेळ नव्हता, आणि एका नामवंत अभ्यासकाच्या पुस्तकात ते अवतरण पृष्ठांकासकट तयार होतं. मी ते उचललं आणि खाली मूळ ग्रंथाचं नाव घातलं. आकडे त्या अभ्यासकाच्या हातून उलटसुलट झाले होते, आणि माझ्या हातून जसेच्या तसे पुढे आले. त्या उलट्या आकड्यांनीच सांगितलं की मी तिथे गेले नव्हते. २००३ मध्ये दोन संशोधकांनी नेमकी हीच युक्ती वापरली होती. गाजलेल्या लेखांचे संदर्भ देताना खंड-पानांच्या आकड्यांत झालेल्या चुका त्यांनी पाहिल्या. तीच चूक पुन्हा पुन्हा येत असेल तर ती एकमेकांकडून उतरवली गेली आहे. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की संदर्भ देणाऱ्यांपैकी जेमतेम वीस टक्के लोक मूळ लेख वाचतात. हा निबंध मी त्याआधी कितीतरी वेळा वर्गात सांगितला होता. मी उरलेल्या ऐंशी टक्क्यांत आहे, हे तोवर माझ्या मनात आलं नव्हतं.

एक शब्द पुरला असता. 'उद्धृत'. अमुक यांचं विधान, तमुक यांच्या ग्रंथात उद्धृत, पृष्ठ इतकं. म्हणजे मी मूळ पाहिलेलं नाही, या माणसाच्या भरवशावर सांगते आहे. बहुतेक शैलींत याची सोय आहे, आणि मूळ खरंच मिळत नसेल तर त्यात कसलाही कमीपणा नाही. कमीपणा वाटला तो मला, त्या वयात. सूचीत दुय्यम साधन दिसलं तर परीक्षक काय म्हणतील, या भीतीने मी एक शब्द गाळला. म्हणून आता मुलांच्या शांततेत मला लबाडी दिसत नाही. मला ती भीती ओळखू येते.

आम्ही दोघी बराच वेळ त्या ग्रंथावर वाकून बसलो. मी २११ वरचं ते वाक्य वाचलं, त्याच्या आधीचा परिच्छेद वाचला, नंतरचा वाचला. त्यानंतर दोनच पानांवर लेखकाने आपल्याच म्हणण्याला एक मोठा अपवाद जोडला होता. तो माझ्या प्रबंधात असता तर माझं तिसरं प्रकरण अधिक चांगलं झालं असतं.

"मग मी काय लिहू?" तिने विचारलं.

"जे दिसलं ते."

आठ दिवसांनी तिने प्रकरण आणून दिलं. अपवादासकट पूर्ण अवतरण होतं, आणि खाली तळटीप होती. मूळ विधान पृ. २११ वर आहे, काही अभ्यासकांनी पृ. ११२ असा निर्देश केला आहे. काही अभ्यासकांनी, एवढंच. नाव नाही, साल नाही, पान नाही. मी तिच्याकडे पाहिलं तर ती खिडकीबाहेर बघत होती.

मी पेन्सिल घेतली. 'काही अभ्यासकांनी' खोडलं, त्यावर त्या नामवंत अभ्यासकाचं नाव, साल आणि पान लिहिलं, अर्धविराम दिला आणि पुढे माझं आडनाव लिहिलं. मग कपाटातून माझा प्रबंध काढला, ते अवतरण कितव्या पानावर आहे ते बघितलं, आणि साल आणि पृष्ठांक भरून तिचा कागद तिच्याकडे दिला.